वाट कोणतीही धरा, चढ तेवढाच

दिवाळी तोंडावर आली की पूर्वी आपल्याकडे घरोघरी अंगणात एक जुना पत्र्याचा डबा नाहीतर काठ फुटलेला रांजण येऊन बसायचा. बाजारातून आणलेली चुन्याची कळी, म्हणजे ते पांढरे ठिसूळ खडे, त्यात टाकायचे आणि वरून पाणी ओतायचे. क्षणभर काहीच होत नसे. मग खडे तडकू लागत, फस्सकन वाफ येई आणि बघता बघता सारा डबा रटरटू लागे. खाली जाळ नाही, सरपण नाही, रॉकेल नाही. थोरली माणसं मुलांना लांब पिटाळत, कारण उडालेला थेंब डोळ्यांत गेला तर डोळाच जायची भीती. आता डिस्टेंपर आणि प्लास्टिक पेंटच्या जमान्यात हे दृश्य दुर्मिळ झालं आहे. तरी ते पाहिलेली पिढी अजून या पानाची वाचक आहे, म्हणून त्यांच्यासाठी एक प्रश्न. ते पाणी उकळवणारी उष्णता आली कुठून?

उत्तर साधं आहे. ती उष्णता आपण विकतच आणलेली असते. चुनाभट्टीवाल्याने कोळसा जाळून ती चुनखडीत घातलेली असते. चुनखडी साधारण नऊशे अंश सेल्सियसपर्यंत तापवली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. गोव्यात आणि खाली कोकणात हेच काम शिंपल्यांवर करत, कारण शिंपलं म्हणजेही मुख्यतः तोच पदार्थ, कॅल्शियम कार्बोनेट. कळीवर पाणी घातलं की चुना विरतो आणि काही उष्णता परत मिळते. मग हा विरलेला चुना आपण भिंतीला लावतो. भिंतीवर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू ओढून घेतो, पाणी सोडतो आणि पुन्हा चुनखडी होतो. जुन्या वाड्यांच्या भिंतींतला घाणीत मळलेला चुना दगडासारखा कडक लागतो तो याचमुळे. तो खरोखरच दगड झालेला असतो. ज्या दगडापासून निघाला, त्याच दगडापाशी परत आलेला.

आता मी अर्थशास्त्राचा माणूस. असं वर्तुळ पुरं झालेलं दिसलं की मला आधी जमाखर्चाची वही आठवते. माल जिथून निघाला तिथेच परत आला असेल, तर खात्यावर शिल्लक किती हवी? शून्य. तशी ती निघते का पाहू.

रसायनशास्त्राचे लोक वाण्याप्रमाणे किलोने मोजत नाहीत, ‘मोल’ने मोजतात. चुनखडीचा एक मोल म्हणजे शंभर ग्रॅम. एवढी चुनखडी फोडून कळी करायला १७८.३ किलोज्यूल उष्णता घालावी लागते. त्यातून ५६ ग्रॅम कळी मिळते. ती विरवताना ६५.२ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. विरलेला चुना भिंतीवर पुन्हा चुनखडी होताना आणखी ११३.१ किलोज्यूल सोडतो. ६५.२ आणि ११३.१ यांची बेरीज करा. बरोबर १७८.३. भट्टीवाल्याने उधार दिलेली पै न् पै परत आली, फक्त दोन हप्त्यांत. पहिला हप्ता इतका ठळक की डबा उकळतो, दुसरा इतका सावकाश की भिंतीला हात लावून कोणालाही तो कळत नाही.

किलोच्या भाषेत सांगायचं तर एक किलो चांगली कळी विरताना सुमारे ११६० किलोज्यूल उष्णता देते. एवढ्यात साडेतीन लिटर पाण्याला उकळी आणता येईल. थोरल्यांची ओरड उगाच नव्हती.

घाटांचा हिशेब

हा हिशेब जुळतो तो योगायोगाने नव्हे. रसायनशास्त्रात ‘एन्थॅल्पी’ नावाची एक राशी आहे. शब्द ग्रीक मुळाचा, अर्थ ‘तापवणे’ याच्या जवळचा, आणि तो हाइके कामरलिंग ओनेस या डच शास्त्रज्ञाच्या नावावर जमा आहे. व्याख्या पाठ करायची गरज नाही. उघड्या भांड्यात, म्हणजे हवेच्या कायम दाबाखाली एखादी अभिक्रिया झाली, तर जेवढी उष्णता आत गेली किंवा बाहेर आली तेवढा एन्थॅल्पीतला फरक, इतकं पुरे. ती बाहेर आली तर आकड्याला वजाचं चिन्ह, आत गेली तर अधिकाचं. पाठ्यपुस्तकात पहिलीला उष्मादायी आणि दुसरीला उष्माग्राही अभिक्रिया म्हणतात.

या राशीचा मोठा गुण असा की ती फक्त सुरुवात आणि शेवट पाहते. मधली वाट पाहत नाही.

पणजीहून बेळगावला यायचं आहे. कोणी साखळीवरून चोर्ला घाट चढून जांबोटीमार्गे येईल. कोणी फोंडा, मोलेमवरून अनमोड घाट चढून रामनगर, खानापूर करत येईल. एखादा हौशी माणूस सावंतवाडीला वळसा घालून आंबोलीचा पाऊसही पाहून येईल. तिघांचे किलोमीटर वेगळे, पेट्रोल वेगळं, वळणांवर पोटात ढवळणंही वेगळं. पण समुद्राच्या पातळीपासून बेळगावपर्यंतचा चढ तिघांनाही साधारण साडेसातशे मीटरच. मध्ये कोणी एखादा डोंगर जास्त चढून उतरला, तरी चढातून उतार वजा केला की तेवढाच. एन्थॅल्पी या उंचीसारखी आहे, पेट्रोलसारखी नाही.

म्हणून ज्या वाटेने जाऊन मोजता येत नाही, त्या वाटेचा चढ दुसऱ्या दोन वाटा मोजून काढता येतो. एन्थॅल्पीचं चक्र म्हणतात ते हेच. चोर्ल्याचा रस्ता दरड कोसळून बंद असला म्हणून बेळगावची उंची सांगता येत नाही, असं कधी होतं का?

जिनिव्हाचा डॉक्टर, सायबेरियातला दवाखाना

हा नियम मांडणारा माणूस म्हणजे जर्मेन आंरी हेस. जन्म १८०२ चा, जिनिव्हाचा. वडील चित्रकार. रशियातल्या एका श्रीमंत घरी त्यांना शिकवणीचं काम मिळालं आणि तिघा-चौघा वर्षांच्या मुलासह कुटुंब तिकडे गेलं. हेस दोर्पात (आजचं एस्टोनियातलं तार्तू) येथे वैद्यक शिकला, १८२५ मध्ये डॉक्टर झाला. मग स्टॉकहोमला जाऊन त्या काळचे रसायनशास्त्राचे भीष्माचार्य बर्झेलियस यांना भेटला. मुक्काम जेमतेम काही आठवड्यांचा, पण रसायनशास्त्राची ओढ कायमची लागली. पुढे काही वर्षं त्याने सायबेरियात इर्कुत्स्क या गावी दवाखाना चालवला आणि १८३० मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीत रुजू झाल्यावर वैद्यकी सोडली. त्याने रशियन भाषेत रसायनशास्त्राचं पाठ्यपुस्तक लिहिलं आणि रशियन मुलं पुढे कित्येक वर्षं त्यावर शिकली. मला या माणसाबद्दल जास्त आपुलकी वाटते ती याच गोष्टीमुळे. परक्या मुलखातून आला आणि जिथे राहिला तिथल्या मुलांच्या भाषेत शास्त्र लिहून मोकळा झाला. सीमाभागात राहणाऱ्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

त्याचे प्रयोग दिसायला अगदी साधे होते. तीव्र गंधकाम्ल घ्यायचं आणि अमोनियाने ते उदासीन करायचं, म्हणजे त्याचा आंबटपणा पुरता मारायचा. बाहेर पडलेली उष्णता मोजायची. मग तेवढंच आम्ल घेऊन आधी पाण्याने पातळ करायचं, त्यात निघालेली उष्णता टिपून ठेवायची, आणि नंतर अमोनिया घालायचा. आम्ल जितकं पातळ केलेलं, तितकी अमोनिया घालतानाची उष्णता कमी. पण पाणी घालतानाची उष्णता तिच्यात मिळवली की बेरीज दर वेळी तीच. १८४० मध्ये त्याने हा नियम जाहीर केला. अभिक्रिया एका पायरीत होवो की दहा पायऱ्यांत, एकूण उष्णता तेवढीच.

तारीख मुद्दाम सांगतो. ऊर्जा निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, हे आज शाळकरी मुलंही घोकतात. पण मायरचा त्यावरचा लेख १८४२ चा, ज्यूलचं पाणी घुसळून उष्णता मोजण्याचं काम त्याच दशकातलं, हेल्महोल्ट्झचा प्रबंध १८४७ चा. हेस त्यांच्या आधीचा. मोठा सिद्धांत हाताशी नसताना नुसत्या काळजीपूर्वक मोजणीतून त्याने हे ओळखलं. त्याच्याही आधी १७८० च्या दशकात लाव्हाझिए आणि लाप्लास या दोघा फ्रेंचांनी अर्धी गोष्ट सांगून ठेवली होती : पदार्थ तयार होताना जेवढी उष्णता देतो, तेवढीच तो फोडताना घालावी लागते. हेसने त्याच्या पुढची, अनेक पायऱ्यांची गोष्ट पुरी केली. १८५० मध्ये अवघ्या ४८ व्या वर्षी तो गेला.

वजाचं चिन्ह कुठं लावायचं?

या सगळ्याकडे माझं लक्ष वेधलं ते पुतणीमुळे. दहावीपर्यंत ती मराठी माध्यमात शिकली. गुण उत्तम, म्हणून पी.यू.सी.ला सायन्स घेतलं. आणि पहिल्याच वर्षी सगळं इंग्रजीत कोसळलं. आपल्या भागातल्या किती घरांत हे नाटक दर जूनमध्ये सुरू होतं, ते वाचकांना ठाऊक आहे. नोव्हेंबरात एकदा वही घेऊन आली आणि म्हणाली, “काका, मी कॉमर्सला जाते. मला ते एन्थॅल्पीचं नुसतं पाठ करूनही जमत नाही. वजाचं चिन्ह कुठं लावायचं हेच कळत नाही.”

मी म्हटलं, “कॉमर्सला आलीस तरी जमाखर्चात तेच चिन्ह भेटणार आहे. दाखव बघू गणित.”

गणित असं होतं. कोळसा, म्हणजे शुद्ध कार्बन, पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड झाला तर एका मोलमागे ३९३.५ किलोज्यूल बाहेर पडतात. कार्बन मोनॉक्साइड वायू जळून कार्बन डायऑक्साइड झाला तर २८३.० बाहेर पडतात. तर कार्बन अर्धवट जळून मोनॉक्साइड होताना किती?

हे गणित पुस्तकात का असतं, ते पुस्तक सांगत नाही. ही अभिक्रिया थेट मोजताच येत नाही म्हणून. तुम्ही कितीही बेताने ऑक्सिजन सोडा, थोडा कार्बन पूर्ण जळणारच. नुसता मोनॉक्साइड करून त्याची उष्णता मोजणं म्हणजे उकळत्या दुधावरची अर्धीच साय धरण्यासारखं. चोर्ला घाट बंद. मग दुसऱ्या वाटेने चला.

तिने दोन्ही आकडे वजाचे म्हणून त्यांची सरळ बेरीज केली होती. उत्तर उणे ६७६.५. मी विचारलं, “अर्धवट जळताना पूर्ण जळण्यापेक्षा जास्त उष्णता? पटतं का तुला?” ती गप्प. मग सूत्र बाजूला ठेवलं आणि कागदावर तीन गावं काढली. वर कार्बन आणि ऑक्सिजन, मध्ये एका बाजूला मोनॉक्साइड, तळाशी कार्बन डायऑक्साइड. वरून थेट तळाला एक बाण, ३९३.५ ची उतरण. मधल्या गावाहून तळाला दुसरा बाण, २८३.० ची उतरण. आपल्याला हवी वरून मधल्या गावाची उतरण.

“मग तळापर्यंत जाऊन परत मधल्या गावाला चढायचं,” ती म्हणाली. आणि स्वतःच बाण उलटा केला. बाण उलटला की चिन्ह उलटलं. उणे ३९३.५ अधिक २८३.०. उत्तर उणे ११०.५.

एवढंच आहे हे प्रकरण. तीन गावं, तीन बाण. ज्या बाणाच्या दिशेने चाललात त्याचं चिन्ह जसंच्या तसं, उलट्या दिशेने चाललात तर चिन्ह बदलायचं. आणि बाणावरचा व्यवहार दुप्पट मालाचा असेल तर आकडाही दुप्पट. मुलं ‘उत्पादितांची बेरीज वजा अभिकारकांची बेरीज’ हे सूत्र घोकतात. सूत्र खरंच आहे. पण घोकलेलं सूत्र परीक्षेच्या हॉलमध्ये उलटं आठवतं, काढलेलं चित्र उलटं दिसत नाही. आमच्या शिक्षकमंडळींना माझी विनंती आहे की फळ्यावर आधी चित्र येऊ द्या. आणि मराठी शाळेतून आलेलं मूल समोर असेल तर ‘एन्डोथर्मिक’ म्हणण्याआधी एकदा ‘उष्माग्राही’ म्हणा. शब्दात उष्मा आहे, ग्रहण आहे, मुलाला अर्थ लागतो. दोन मिनिटं जातात, पण एक वर्ष वाचतं. पुतणीच्या वहीत आता प्रत्येक गणिताशेजारी अशी गावं असतात. अजून इंग्रजीतला प्रश्न समजायला तिला वेळ लागतो. त्यावर मात्र माझ्याकडे चक्र नाही.

बंद खोलीतली शेगडी

या तीन गावांच्या चित्रात घरच्या माणसांनी नीट पाहावं असं आणखी काही आहे. कोळसा पूर्ण जळण्याची उष्णता ३९३.५, आणि मोनॉक्साइडपर्यंत जळण्याची ११०.५. म्हणजे हवा कमी पडली तर कोळशाच्या दामातले जेमतेम अठ्ठावीस टक्के आपल्या पदरी पडतात. बाकीची उष्णता मोनॉक्साइडच्या पोटात तशीच राहते. पेटलेल्या शेगडीवर कधी कधी निळसर ज्योत नाचताना दिसते, ती या मोनॉक्साइडच्या जळण्याची.

पण बंद खोलीत तो जळत नाही, खोलीत साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि माणूस झोपेतच जातो. बाळंतिणीच्या खोलीत शेक द्यायला शेगडी ठेवायची आणि वारं लागू नये म्हणून दारं-खिडक्या गच्च लावायच्या, ही आपल्याकडची जुनी रीत. माया खरी, पण रीत जिवावर बेतणारी. तोच प्रकार बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरचा. हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या आपण वाचतो आणि ‘गुदमरून’ एवढा एक शब्द वाचून पान उलटतो. गिझर न्हाणीच्या बाहेर बसवा, खिडकी उघडी राहू द्या, शेगडी ठेवायचीच तर हवा खेळती ठेवा. शेकाची ऊब थोडी कमी झाली तर चालेल.

स्वयंपाकाच्या गॅसलाही हेच लागू. सिलिंडरमध्ये मुख्यतः ब्युटेन आणि प्रोपेन असतं. हिशेबाच्या सोयीसाठी सगळं ब्युटेन धरू. त्याचं चक्र असं : ब्युटेन आधी मनातल्या मनात मोडून त्याचा कार्बन आणि हायड्रोजन सुटा करा, मग दोन्ही जाळा. मोडायला १२५.७ किलोज्यूल लागतात. चार कार्बनचे ३९३.५ प्रमाणे १५७४ आणि पाच पाण्याचे २८५.८ प्रमाणे १४२९, मिळून ३००३ परत येतात. वजाबाकी केली की एका मोलमागे, म्हणजे ५८ ग्रॅममागे, सुमारे २८७७ किलोज्यूल. ग्रॅमला ४९.५. या हिशेबाने १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सात लाख किलोज्यूल भरलेले असतात.

मात्र सगळे हाती लागत नाहीत. वरचा आकडा पाणी द्रवरूपात मिळेल असं धरून आहे. चुलीवर ते वाफ होऊन उडून जातं आणि मोलमागे २२० किलोज्यूल घेऊन जातं, म्हणजे ग्रॅमला पंचेचाळीसच्या थोडं वर उरतात. पुन्हा शेवटचं गाव बदललं की उतरण बदलली! त्यात भांड्याच्या कडेने जाणारी उष्णता वेगळी. चार कप चहाचं अर्धा लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला साधारण १५७ किलोज्यूल लागतात. कागदावर साडेतीन ग्रॅम गॅस पुरे, प्रत्यक्षात पाच-सहा ग्रॅम तरी जातो. आणि ज्योत पिवळी असेल, भांड्यांची बुडं काळी होत असतील, तर तो काजळीतला कार्बन म्हणजे विकत घेऊन न वापरलेली उष्णता. मोलीण काजळी घासताना कुरकुरते ती एका परीने तुमचेच पैसे घासत असते. बर्नर साफ करून घ्या.

पोटातली भट्टी

चमचाभर साखर, समजा पाच ग्रॅम. ती जाळली तर सुमारे ८२ किलोज्यूल, म्हणजे वीस किलोकॅलरी उष्णता देते. हाच आकडा बिस्किटाच्या पुड्यावर आहाराच्या रकान्यात ‘कॅलरी’ म्हणून येतो. आता पोटात काही जाळ पेटलेला नसतो. ३७ अंशांवर, डझनावारी पायऱ्यांनी, विकरांच्या मदतीने साखर हळूहळू मोडते. तरी भट्टीचा आकडा पोटाला कसा चालतो? कारण सुरुवात तीच, साखर आणि ऑक्सिजन, आणि शेवटही तोच, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. हेसचा नियम पोटाची वाट विचारत नाही.

हे नुसतं मानून चाललं नाही. लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी गिनीपिग बर्फाच्या भांड्यात बसवून, वितळलेल्या बर्फावरून त्याची उष्णता मोजली होती आणि तेवढा श्वास बाहेर टाकताना कोळसा जळला असता तर किती बर्फ वितळला असता, याच्याशी ताडून पाहिली होती. पुढे १८९४ मध्ये जर्मनीतल्या माक्स रुबनर यांनी कुत्र्यांवर अधिक काटेकोर मोजणी करून दाखवलं की खाल्लेल्या अन्नातली आणि अंगातून निघालेली उष्णता जुळते.

डाळ, अंडं, मासळी यांच्या बाबतीत एक मेख आहे. प्रथिनं भांड्यात पूर्ण जाळली तर ग्रॅममागे साडेपाचच्या वर किलोकॅलरी मिळतात. आहारतज्ज्ञ मात्र चारच धरतात. नियम खोटा ठरला का? नाही. शरीर प्रथिनांतला नायट्रोजन शेवटपर्यंत जाळत नाही, त्याचा युरिया करून लघवीवाटे टाकतं. युरिया जाळला तर अजून उष्णता देऊ शकतो. म्हणजे शरीर तळाच्या गावी न जाता वरच्या एका गावीच थांबतं. काही भाग पचतही नाही. दोन्ही वजा केले की चार उरतात.

चक्र काय सांगत नाही

एकोणिसाव्या शतकात डेन्मार्कचे थॉमसन आणि फ्रान्सचे बर्थेलो यांनी आयुष्यं घालवून हजारो अभिक्रियांच्या उष्णता मोजल्या. त्यांचे आकडे उपयोगी पडले, पण एक समजूत फसली. ज्या अभिक्रियेत उष्णता बाहेर पडते तीच आपोआप घडते, असं ते धरून चालले होते. ही समजूत मोडायला प्रयोगशाळा नको. कल्हईवाल्याकडचा नवसागर चमचाभर पाण्यात टाकून पेल्याला हात लावा. पेला गार पडतो. नवसागर आपणहून विरघळतो आणि वर उष्णता आत ओढून घेतो. बर्फही उष्णता घेऊनच वितळतो, कोणी सांगावं लागत नाही. अभिक्रिया कोणत्या बाजूला जाईल हे ठरवायला एन्थॅल्पीच्या जोडीला एन्ट्रॉपी लागते. तो विषय निराळा.

दुसरं म्हणजे वेळ. चक्र उतरण सांगतं, वेग सांगत नाही. याचं सगळ्यात महागडं उदाहरण हिऱ्याचं. लाव्हाझिएने १७७२ मध्ये भिंगाने ऊन एकवटून हिरा जाळून पाहिला होता आणि १७९७ मध्ये इंग्लंडच्या स्मिथसन टेनंटने हिरा म्हणजे निव्वळ कार्बन हे पक्कं केलं. पेन्सिलीतलं ग्रॅफाइटही कार्बनच. मग हिऱ्याचं ग्रॅफाइट होताना किती उष्णता निघेल? टेबलावर हिरा ठेवून ती मोजायला बसलात तर जन्म पुरणार नाही. पण दोघांनाही जाळता येतं. ग्रॅफाइट जळताना ३९३.५, हिरा जळताना ३९५.४. शेवटचं गाव एकच, तेव्हा वरची दोन गावं १.९ किलोज्यूलच्या अंतरावर. हिरा वर, पेन्सिल खाली.

म्हणजे सराफाने काहीही सांगितलं तरी आपल्या या नेहमीच्या हवेत आणि दाबात हिरा उतरणीवर उभा आहे, पेन्सिलीच्या शिसाकडे तोंड करून. मधला घाट मात्र इतका उंच आहे की सासूने सुनेला दिलेली अंगठी तिच्या पणतीच्या बोटातही तशीच चमकेल.